पक: दुधाच्या वाटीवर राबणारं भूत नाटकात कसं आलं

(ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना सुटलेले धागे जोडून घेतलेत, बाकी बोलणं जसंच्या तसं ठेवलंय.)

आज एकाच पात्राबद्दल बोलायचंय. शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मधला पक. नाटक वाचलं नसेल तरी गाढवाचं डोकं लावलेल्या माणसाच्या प्रेमात पडलेली पऱ्यांची राणी तुम्ही कुठेतरी चित्रात पाहिली असेल. ते डोकं लावणारा तो हा.

आधी एक अडचण सांगतो. मराठीत 'फेअरी' म्हटलं की आपण 'परी' म्हणतो, आणि परी म्हटलं की पांढरा झगा, पंख, हातात चांदणी लावलेली काठी. शिवाय परी ही 'ती'. पक मात्र 'तो' आहे. त्याला पंख नाहीत, आणि चांदणी तर नाहीच. त्याच्या हातात नाटकाच्या शेवटी असतो झाडू. हा झाडू लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

तर मग पक म्हणजे कोण? पहिली गोष्ट, 'पक' हे मुळात विशेषनाम नव्हतंच. जुन्या इंग्रजीत 'पूका' असा शब्द होता, अर्थ साधारण भूत, पिशाच्च. आयर्लंडमध्ये 'पूका', वेल्समध्ये 'पुका', तिकडे उत्तरेला नॉर्स भाषेत 'पूकी'. सगळे एकाच घराण्यातले. चौदाव्या शतकातल्या 'पिअर्स प्लाउमन' या काव्यात तर 'पूक' हा शब्द सरळ सैतानासाठी येतो. म्हणजे 'एक पक', 'दोन पक' असं म्हणता यायचं, जसं आपण 'एक मुंजा', 'दोन मुंजे' म्हणू. नाटकातही हा स्वतःला 'प्रामाणिक पक' म्हणवतो, आणि त्या काळच्या श्रोत्याला ते 'प्रामाणिक भूत' असं ऐकू येत असणार. नुसत्या त्या दोन शब्दांवर लोक हसले असतील.

त्याचं खरं गावठी नाव वेगळं आहे: रॉबिन गुडफेलो. रॉबिन हे साधं लाडाचं नाव, आणि गुडफेलो म्हणजे भला माणूस. आता भुताला भला माणूस का म्हणायचं? हे आपल्याला समजावून सांगायची गरजच नाही. आपल्याकडे अंगावर फोड आणून जीव घेणाऱ्या रोगाला आपण 'देवी' म्हणालो. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही, 'लांबडं' म्हणायचं. ज्याची भीती वाटते त्याला गोड नाव द्यायचं, म्हणजे तो ऐकत असला तरी रागावणार नाही. इंग्रज खेडूतसुद्धा या मंडळींना 'चांगले शेजारी', 'भली माणसं' म्हणायचे ते त्याच हिशेबाने. नाटकात पकची ओळख होते तेव्हा एक परी हेच बोलते: जे तुला गोड नावाने हाक मारतात त्यांची कामं तू करतोस, त्यांना लाभ होतो. म्हणजे उलट बाजू समजून घ्यायची.

हा रॉबिन काय करायचा? रात्री घरात यायचा. सगळे झोपलेले असताना धान्य दळायचा, घर झाडायचा, मोहरी वाटायचा. मोबदला काय, तर एक वाटी दूध. ते दूध मोलकरणीने ठेवायचं. विसरली, किंवा घर घाणेरडं ठेवलं, की हा चिमटे काढणार, दुधावरची साय खाणार, लोणी येऊ देणार नाही. आणि एक गंमत: त्याला कपडे द्यायचे नाहीत. कोणी दया येऊन अंगरखा शिवून ठेवला की स्वारी रुसून कायमची निघून जायची. का, याचं एकच उत्तर नाही. कोणी म्हणतं पगार मिळाला म्हणजे हिशेब संपला, कोणी म्हणतं अपमान झाला. मला पहिलं पटतं. वाटीभर दूध हा रोजचा व्यवहार आहे, नवा अंगरखा म्हणजे नोकरीचा शेवटचा हप्ता.

हे सगळं आपल्याला कुठून कळतं? बरंचसं एका माणसामुळे. रेजिनल्ड स्कॉट, केंट परगण्यातला एक जमीनदार. १५८४ साली त्याने 'द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट' नावाचं जाडजूड पुस्तक छापलं. शेक्सपिअरने ते वाचलं असावं असं अभ्यासक मानतात, कारण रॉबिन त्यात आहे आणि माणसाच्या खांद्यावर गाढवाचं डोकं बसवायचा मंत्रप्रयोगसुद्धा त्यात आहे!

पण स्कॉटने ते पुस्तक मजेसाठी लिहिलेलं नव्हतं. दोनच वर्षांपूर्वी, १५८२ मध्ये, शेजारच्या एसेक्समध्ये सेंट ओसिथ गावच्या बायकांवर चेटकिणी म्हणून खटले झाले आणि त्यातल्या दोघींना फाशी झाली. त्या काळात असे आरोप कशावरून होत? मूल आजारी पडलं, गाय मेली, इथपासून ते लोणी येईना, बिअर आंबेना, इथपर्यंत. घरात लोणी येत नाहीये आणि सकाळीच ती म्हातारी शेजारीण ताक मागायला आली होती, तिला हाकलून दिलं होतं. झालं, पुरावा मिळाला.

आता इथे जरा थांबा. लोणी न येणं ही काय भानगड आहे हे ज्यांच्या घरी ताक घुसळलं जातं त्यांना माहीत आहे. थंडी जास्त असली की लोण्याचे कण एकत्र येत नाहीत, म्हणून आपण कोमट पाणी घालतो. उन्हाळ्यात उलटं. सगळा तपमानाचा खेळ. पण सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये थर्मामीटर नव्हता, आणि दोन तास हात दुखेपर्यंत साय घुसळणाऱ्या पोरीला मालकिणीसमोर काहीतरी कारण द्यावं लागायचं.

कारणं दोन होती. एक, रॉबिनने खोडी केली. दोन, अमुक बाईने करणी केली. पहिल्या उत्तराची किंमत एक वाटी दूध. दुसऱ्याची किंमत कोणाचातरी गळा. पक हा नुसता गोड खोडकर नाही असं मी म्हणतो ते यामुळे. गावाला दोष टाकायला तो एक जागा होता, आणि ती जागा अशी, की तिथे टाकलेला दोष कोणा जिवंत माणसाला लागत नव्हता. 'डाकीण' हा शब्द आणि तो ज्या बाईला चिकटतो तिचं पुढे काय होतं, हे महाराष्ट्रात आपण पाहिलेलं आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच नाही करावा लागला.

स्कॉटचा युक्तिवाद तर याहून धारदार आहे. तो वाचकांना सांगतो, शंभर वर्षांपूर्वी मी तुम्हाला सांगितलं असतं की रॉबिन गुडफेलो हे थोतांड आहे, तर तुम्ही माझं ऐकलं नसतं. आज तुम्ही त्याला हसता. मग चेटकिणीलाही एक दिवस असंच हसाल. म्हणजे रॉबिन हा त्याच्या दृष्टीने साक्षीदार आहे: भीती मरते, हे बघा मेलेली भीती.

त्याचा अंदाज बरोबर ठरला, पण वेळ किती लागला बघा. १६८२ मध्ये डेव्हन परगण्यातल्या बिडफर्ड गावच्या तीन बायकांना चेटकाच्या आरोपावरून फाशी दिली गेली. स्कॉटच्या पुस्तकानंतर तब्बल अठ्ठ्याण्णव वर्षांनी. इंग्लंडमधल्या अशा शेवटच्या फाशींमध्ये ती धरली जाते. चेटूक हा गुन्हाच काढून टाकणारा कायदा आला १७३५ मध्ये.

बरं, आता नाटकाकडे. नाटक साधारण १५९५-९६ मधलं, छापलं गेलं १६०० मध्ये. रॉबिनला लोक हसायला लागलेले होते, पण पूर्ण नाही. याचा एक छान पुरावा म्हणजे कवी एडमंड स्पेन्सर. त्याने स्वतःच्याच लग्नावर एक दीर्घ कविता लिहिली, १५९५ मध्ये छापली, आणि तिच्यात लग्नाच्या रात्री काय काय दूर राहावं याची यादी दिली. त्या यादीत 'पूक' आहे, चेटकिणींच्या शेजारी. म्हणजे ज्या वर्षी एक कवी म्हणतोय की या भुताला माझ्या शेजघराजवळ फिरकू देऊ नका, साधारण त्याच वर्षी दुसरा कवी तेच भूत झाडू देऊन लग्नघरात पाठवतोय. हे धाडस आहे. आपल्याला आज दिसत नाही, कारण आपण पकला गोंडस झालेला बघतोय.

पहिल्या प्रवेशात पक स्वतःची ओळख करून देतो ती अगदी गावच्या चावडीवर बसून सांगावी तशी. घोड्याला फसवायला मी घोडीसारखा खिंकाळतो. एखादी म्हातारी गप्पा मारत बसली की तिच्या पेल्यात शिरतो आणि ती प्यायला लागली की ओठांवर आपटतो. इंग्रजीत इथे शब्द आहे 'क्रॅब', आणि तो वाचून पेल्यात खेकडा कसा गेला असं कोणाच्याही मनात येईल. खेकडा नव्हे हो! क्रॅब म्हणजे रानटी आंबट सफरचंद. ते भाजून गरम बिअरमध्ये सोडायची पद्धत होती. तिसरी खोडी माझी सर्वात आवडती. एक वयस्कर बाई अगदी गंभीर, दुःखाची गोष्ट सांगतेय आणि बसायला तिपाई ओढतेय. ती तिपाई म्हणजे पकच. तो सटकतो, बाई धपकन खाली, आणि सगळे पोट धरून हसतात.

या सगळ्या खोड्यांचं एक बघा. एकही राजवाड्यातली नाही. दूध, बिअर, तिपाई, घोडी. ओबेरॉन आणि टिटानिया ही पऱ्यांची राजाराणी पुस्तकांतून, दरबारी कथांमधून आलेली आहे. पक आलाय गोठ्यातून. शेक्सपिअर स्वतः वॉरिकशरच्या एका छोट्या बाजारगावातला, त्याला हे ऐकायला पुस्तक उघडायची गरज नव्हती.

कथा थोडक्यात. ओबेरॉन आणि टिटानियाचं भांडण आहे. बायकोला अद्दल घडवायला ओबेरॉन एक फूल मागवतो, त्याचा रस झोपलेल्याच्या डोळ्यांवर घातला की जागं झाल्यावर जे पहिलं दिसेल त्याच्या प्रेमात पडणार. फूल म्हणजे रानटी पॅन्सी, कोणी परदेशी चमत्कार नव्हे, इंग्लंडात बांधाबांधावर उगवणारं. पक म्हणतो चाळीस मिनिटांत पृथ्वीला फेरी मारून येतो. (१९५७ मध्ये स्पुटनिकला एका फेरीला सुमारे ९६ मिनिटं लागत होती, तेव्हा पकचा विक्रम अबाधित आहे.)

त्याच जंगलात अथेन्सची चार तरुण मुलं भटकतायत. हेलेना डिमिट्रियसच्या मागे, डिमिट्रियस हर्मियाच्या मागे, हर्मिया लायसँडरबरोबर पळून आलेली. ओबेरॉनला हेलेनाची दया येते. तो पकला सांगतो, त्या मुलाच्या डोळ्यांत रस घाल. ओळखायचं कसं? अथेन्सचे कपडे घातलेत त्याने.

आता मला सांगा, ही काय खूण झाली? जंगलात अथेन्सचे कपडे घातलेले दोन तरुण आहेत. पकला दिसतो लायसँडर. हर्मियाने त्याला लग्नाआधी जवळ झोपू नको म्हणून लांब झोपायला लावलंय, तर पकला वाटतं, हाच तो निष्ठुर, बिचारी मुलगी त्याच्याजवळ जायलाही घाबरतेय. म्हणजे मुलीच्या बाजूने त्याला राग येतो आणि त्या रागात तो चुकीच्या डोळ्यांत रस घालतो.

सगळे म्हणतात पकने गोंधळ घातला. तसं नाहीये. गोंधळ साहेबाच्या अर्धवट सूचनेने झालाय, आणि ओरडा बसतो नोकराला. ओबेरॉन विचारतो, मुद्दाम केलंस ना? पक म्हणतो, चुकून झालं, पण झालं ते बघायला मजा येतेय. अपराधीपणाचा लवलेश नाही. नोकराने साहेबाला दिलेलं याहून चांगलं उत्तर मला आठवत नाही.

त्याची स्वतःची, कोणी न सांगितलेली खोडी एकच: बॉटमचं डोकं. राजाच्या लग्नात नाटक करायला निघालेले गावचे कारागीर जंगलात तालीम करतायत. त्यातला बॉटम हा विणकर, सगळ्या भूमिका मलाच द्या म्हणणारा. अशी माणसं प्रत्येक हौशी नाट्यमंडळात असतात, नावं घेत नाही. ओबेरॉनने फक्त टिटानियाला काहीतरी ओंगळ दिसावं एवढं म्हटलेलं असतं. गाढवाचं डोकं ही पकची कल्पना. आणि मग पळणाऱ्या कारागिरांच्या मागे तो कधी घोडा, कधी डुक्कर, कधी बिनडोक्याचं अस्वल, कधी आग होऊन लागतो.

ती आग महत्त्वाची आहे. इंग्लंडच्या दलदलीत रात्री दिसणारा हलता उजेड, ज्याच्या मागे माणूस जातो आणि चिखलात रुततो, तो रॉबिनचाच प्रकार मानला जायचा. मिडलंड्सच्या बोलीत वाट चुकलेल्या माणसाला पकने नेलेला अशा अर्थाचा शब्दच होता. आपला चकवा आठवला ना? ओळखीची वाट, आणि माणूस रात्रभर त्याच झाडाशी परत परत येतोय. तिकडचा उपाय: अंगातला कोट काढून उलटा घालायचा. नाटकात शेवटी लायसँडर आणि डिमिट्रियस तलवारी काढून एकमेकांना शोधतायत, तेव्हा पक धुक्यात दोघांचे आवाज काढून त्यांना दमेपर्यंत फिरवतो. शुद्ध चकवा. फरक इतकाच, की इथे त्याने खून टळतो.

एक गोष्ट मात्र टोचते. लायसँडरच्या डोळ्यांतला रस उतरवला जातो, टिटानियाचाही. डिमिट्रियसचा शेवटपर्यंत उतरवत नाहीत. तो हेलेनाशी लग्न करतो ते रसाच्या अमलाखालीच. नाटक हे सांगून गप्प बसतं. तीन लग्नं लागली, सगळे खूष, आणि त्यातलं एक औषधावर चाललेलं.

आता झाडू. लग्नाच्या रात्री सगळे झोपायला गेले, रंगमंच रिकामा, आणि पक एकटा येतो. त्याचं बोलणं एकदम काळवंडतं: भुकेला सिंह, लांडगा, घुबड, उघडणाऱ्या कबरी. क्षणभर तो पुन्हा जुना 'पूक' होतो. आणि मग सांगतो की मला झाडू देऊन पुढे पाठवलंय, दारामागची धूळ झाडायला. दूध पिऊन घर झाडणारा रॉबिन, तोच! त्यानंतर तो प्रेक्षकांकडे वळून म्हणतो की आवडलं नसेल तर स्वप्न पडलं समजा, आणि टाळ्या मागतो. राजा नाही, राणी नाही, नाटकाचा शेवटचा शब्द घरगड्याकडे.

पुढे त्याचं काय झालं? १६२८ मध्ये रॉबिनच्या खोड्यांची एक छोटी पुस्तिका निघाली, तिच्यात तो ओबेरॉनचा मर्त्य बाईपासून झालेला मुलगा आहे. १६३९ च्या आवृत्तीवरचं चित्र प्रसिद्ध आहे: बोकडाचे पाय, शिंगं, दाढी, खांद्यावर झाडू. लहान मुलांच्या खोलीत लावण्यासारखं ते मुळीच नाही. आणि मग १७८९ मध्ये जोशुआ रेनॉल्ड्सने पक रंगवला तो अळंबीवर बसलेला गुबगुबीत बाळ म्हणून. दीडशे वर्षांत शिंगांचं बाळ!

ते बाळ रंगभूमीवरही गेलं. १८५६ मध्ये लंडनच्या प्रिन्सेस थिएटरात चार्ल्स कीनने नाटक केलं, त्यात पक होती नऊ वर्षांची एलन टेरी, पुढे इंग्लंडची मोठी नटी झाली ती. अळंबीवर बसून खालून वर यायची. एकदा तळघराचं झाकण तिच्या पायाच्या अंगठ्यावर मिटलं. तिच्या बहिणीने उघडा म्हणून पाय आपटला, तर खालच्या माणसांना वाटलं घट्ट मिटायची खूण आहे. अंगठा मोडला. मिसेस कीनने सांगितलं, नाटक पूर्ण कर, पगार दुप्पट करते. पोरीने दोघांच्या आधाराने उभं राहून शेवटचं भाषण म्हटलं. आठवड्याचे पंधरा शिलिंग तीस झाले. हे तिने स्वतः आठवणींत लिहिलंय. घरकाम करणाऱ्या भुताची भूमिका करताना हे घडावं, याला काय म्हणणार.

१९३५ च्या हॉलिवूड चित्रपटात पक होता मिकी रूनी. त्याने चित्रीकरण चालू असतानाच बर्फात खेळताना पाय मोडून घेतला.

पकला बाळपणातून बाहेर काढलं ते विसाव्या शतकाने. किपलिंगने १९०६ मध्ये 'पक ऑफ पूक्स हिल' लिहिलं. किपलिंग आपल्या मुंबईत, जे. जे.च्या आवारात जन्मलेला. त्याचा पक बुटका, रुंद खांद्यांचा, टोकदार कानांचा म्हातारा आहे, आणि फुलपाखराचे पंख लावलेल्या पऱ्यांचा त्याला मनस्वी तिटकारा. १९७० मध्ये पीटर ब्रूकने जंगलच काढून टाकलं: पांढरी शुभ्र पेटी, झोपाळे, पिवळ्या ढगळ कपड्यातला पक, आणि ते जादूचं फूल म्हणजे काठीवर गरगर फिरणारी थाळी. २००६ मध्ये टिम सपलने भारत आणि श्रीलंकेतले कलाकार घेऊन जो प्रयोग केला, त्यात इंग्रजीबरोबर आपल्या उपखंडातल्या अनेक भाषा होत्या, मराठीसुद्धा. तो भारतात फिरला आणि मग थेट स्ट्रॅटफर्डला, शेक्सपिअरच्या गावात गेला.

प्रयोग पाहायचा योग आला, तर लग्नानंतर मंच रिकामा झाला की पकच्या हातात काय दिलंय ते बघा. पुष्कळ दिग्दर्शक झाडू गाळतात.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्याकडच्या चकव्याच्या गोष्टी, आणि त्यावरचे उतारे, जरूर कळवा. पुढच्या भागासाठी हव्यात.